चुलीच्या धुराचं मोजमाप : स्वस्त साधनांचा छोटासा इतिहास

धूर मोजावा असं माणसाला सुचलं ते कारखान्याचं धुराडं बघून. १८८८च्या सुमारास पॅरिसमध्ये माक्सिमिलियाँ रिंगेलमान या शेतकी अभियांत्रिकीच्या प्राध्यापकानं एक तक्ता तयार केला. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांची जाळी. पहिल्या चौकटीत रेघा बारीक, म्हणजे २० टक्के काळं. दुसरीत ४० टक्के. असं करत पाचवी चौकट पूर्ण काळी. तक्ता पंधराएक मीटरवर टांगायचा. तेवढ्या अंतरावरून रेघा वेगळ्या दिसत नाहीत, राखाडी छटा दिसते. मग धुराड्यातून निघणारा धूर कोणत्या छटेशी जुळतो ते पाहायचं आणि वहीत आकडा लिहायचा. खर्च जवळपास शून्य. ज्याला डोळे आहेत त्याला हे माप घेता येत होतं, आणि ज्याच्या डोक्यावर तो धूर येत होता त्यालाही. पुढे अनेक देशांतल्या धूरविरोधी कायद्यांनी हाच तक्ता आधाराला घेतला.

न दिसणाऱ्या वायूसाठी तेव्हाच दुसरं एक स्वस्त साधन पुढे आलं. स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन (पुढे भारतात येऊन राहिलेल्या जे. बी. एस. हॉल्डेन यांचे वडील) यांनी १८९०च्या दशकात खाणीतल्या स्फोटांनंतर होणाऱ्या मृत्यूंचा अभ्यास केला. बरेच कामगार भाजून नव्हे तर कार्बन मोनॉक्साइडनं गुदमरून मेले होते. त्यांनी सुचवलं की खाणीत उतरताना उंदीर किंवा कॅनरी पक्षी बरोबर न्यावा. छोट्या जिवाचा श्वास जलद, म्हणून विष त्याला आधी चढतं. पक्षी दांडीवरून पडला की माणसांनी मागे फिरायचं. ब्रिटनच्या खाणींत हे पक्षी १९८६पर्यंत नोकरीत होते.

ही दोन्ही साधनं बघताना मला एक गोष्ट खटकते. धुराड्याला तक्ता मिळाला, खाणीला पक्षी मिळाला. पण ज्या ठिकाणी जगातली निम्मी माणसं रोज दोन-तीन वेळा धूर करत होती, त्या स्वयंपाकघराला काहीच मिळालं नाही. तिथला धूर कुणाला ठाऊक नव्हता असं नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत मगनचूल तयार झाली ती धूर बाहेर काढण्यासाठीच. हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी १९५३ साली बिनधुराच्या स्वयंपाकघरांवर पुस्तक लिहिलं. म्हणजे रोगही माहीत होता आणि उपायही शोधले जात होते. फक्त आकडा नव्हता. आणि सरकारदरबारी आकडा नसलेल्या दुःखाला फाईल मिळत नाही.

शरीर हेच यंत्र

पहिला आकडा हवेचा नव्हता, माणसांचा होता. १९५९ साली डॉ. एस. पद्मावती आणि एस. एन. पाठक यांनी दिल्लीतल्या १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजार होता कॉर पल्मोनाल; फुप्फुसं निकामी होत गेल्यामुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो तो. पाश्चात्त्य देशांत हा आजार प्रामुख्यानं पुरुषांचा, धूम्रपान करणाऱ्यांचा आणि धुळीत काम करणाऱ्यांचा मानला जाई. दिल्लीत मात्र रुग्णांमध्ये बायका मोठ्या संख्येनं होत्या, आणि त्या बिडी-सिगारेट ओढणाऱ्या नव्हत्या. लेखकांनी बोट दाखवलं ते घरातल्या चुलीकडे.

हॉल्डेनच्या भाषेत सांगायचं तर इथे कॅनरीचं काम त्या बायकांनीच केलं. फरक इतकाच, की पक्षी पडल्यावर खाण रिकामी करत असत.

त्यानंतर वीसेक वर्षं हा धागा तसाच पडून राहिला. चुलीत सुधारणा करायचे प्रयत्न झाले, पुढे १९८०च्या दशकात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमही आला. पण त्यात मोजलं जायचं ते सरपण किती वाचलं आणि चुली किती वाटल्या. जंगलतोड ही चिंता होती, खोकला नव्हती.

सात मिलिग्रॅम

१९८१च्या सुमारास कर्क स्मिथ हा अमेरिकन संशोधक गुजरातेत आला. त्याचं मूळ काम ऊर्जेच्या धोक्यांवर. अणुऊर्जा, कोळसा वगैरे. ए. एल. अगरवाल आणि आर. एम. दवे यांच्याबरोबर त्यानं चार खेड्यांतल्या स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटे पंप लावले. पद्धत साधी वाटते. पंप ठरावीक वेगानं हवा ओढतो, वाटेत गाळणकागद असतो, त्यावर कण अडकतात. कागदाचं आधीचं वजन आणि नंतरचं वजन, यांतला फरक म्हणजे धूर.

१९८३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की स्वयंपाकाच्या वेळात या बायकांच्या श्वासात दर घनमीटर हवेमागे सरासरी सुमारे ७ मिलिग्रॅम कण जात होते. आज भारतात पीएम २.५ या बारीक कणांची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. दोन्ही आकड्यांचा थेट भागाकार करू नये. तेव्हा मोजले होते ते सर्व आकारांचे कण, आणि तेही फक्त चूल पेटलेली असतानाचे. तरीही ७ मिलिग्रॅम म्हणजे ७,००० मायक्रोग्रॅम. सगळ्या वजावटी करूनही हा आकडा लहान होत नाही.

ही पद्धत महाग का, हे जरा हिशेब करून पाहिलं की कळतं. समजा पंप मिनिटाला २ लिटर हवा ओढतो. अर्ध्या तासात ६० लिटर हवा गेली. हवेत दर घनमीटरमागे ७ मिलिग्रॅम धूर असेल तर कागदाचं वजन वाढेल ०.४२ मिलिग्रॅम. साखरेच्या एखाद-दुसऱ्या दाण्याएवढं. हा धुरानं भरलेल्या घराचा हिशेब झाला. हवा चांगली असेल तर चोवीस तास पंप चालवूनही हाती पाव मिलिग्रॅम लागत नाही. तेवढं वजन तोलायला मायक्रोग्रॅमपर्यंत जाणारा तराजू लागतो, आणि तो ठेवायला तापमान-आर्द्रता बांधून ठेवलेली खोली. कागदानं हवेतली ओल शोषली तरी आकडा फिरतो. शिवाय पंपाची बॅटरी, वेग तपासायचं उपकरण, आणि खेड्यात मुक्काम करणारी माणसं. खर्च पंपाचा कमी आणि त्याच्या गोतावळ्याचा जास्त.

स्मिथ पुढे एक ढोबळ नियम सांगत असे : घरात सोडलेला एक ग्रॅम धूर कुणाच्या तरी फुप्फुसात जाण्याची शक्यता बाहेर सोडलेल्या एका ग्रॅमच्या हजारपट असते. धुराड्याचा धूर आकाशात पांगतो; चुलीचा धूर जिथे माणूस बसलाय तिथेच असतो. हा नियम मान्य केला की माप घेण्याची जागाच बदलते. रिंगेलमानचा तक्ता धुराड्याकडे बघत होता. आता बघायचं होतं नाकाकडे, आणि नाकं कोट्यवधी होती. स्वस्त साधनांची गरज पडली ती इथे.

काचेची नळी

पहिला स्वस्त मार्ग होता धूर न मोजता त्याच्या सोबत्याला मोजण्याचा. लाकूड अर्धवट जळलं की कणांबरोबर कार्बन मोनॉक्साइडही निघतो. तो मोजायला पेन्सिलीहून लहान अशी काचेची नळी मिळते. आत पॅलेडियमच्या क्षाराचा पिवळा थर असतो. एक टोक तोडून नळी कपड्याला अडकवायची. हवा आपोआप आत शिरते आणि थर टोकाकडून काळपट तपकिरी होत जातो. डाग जितका लांब, तितका वायू जास्त. नळीवर आकडे छापलेले असतात. पंप नाही, बॅटरी नाही, प्रयोगशाळा नाही.

ग्वाटेमालाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात २००२ ते २००४ या काळात झालेल्या रेस्पायर या चाचणीत या नळ्या आयांच्या आणि तान्ह्या बाळांच्या कपड्यांना लावल्या गेल्या. ५३४ घरं, चिठ्ठ्या टाकून काहींना धुराडं असलेली चूल दिली, बाकीच्यांची उघडी चूल तशीच राहिली (त्यांना नवी चूल नंतर मिळाली). बाळांना न्युमोनिया किती होतो ते डॉक्टरांनी पाहिलं. २०११ साली निकाल ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोन गटांची सरळ तुलना केली तर डॉक्टरांनी निदान केलेला न्युमोनिया चुलीच्या गटात कमी होता, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक ठाम नव्हता. तीव्र न्युमोनियात मात्र ठाम घट दिसली.

इथे त्या नळ्यांचं महत्त्व आहे. सगळ्याच बाळांच्या वाट्याचा धूर सारखा कमी झाला नव्हता. नळ्या होत्या म्हणून प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं विचारता आला : चूल कुणाला मिळाली हे सोडा, धूर कुणाचा घटला? उत्तर आलं की धूर निम्मा झाला तर न्युमोनियाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी उतरतो, आणि हे उत्तर ठाम होतं. नळ्या नसत्या तर ‘चुलीनं विशेष फरक पडत नाही’ असं म्हणून हा विषय मिटवता आला असता.

अर्थात सोबत्यावरून माणूस ओळखण्यात धोकाही आहे. कोळशाच्या शेगडीतून धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. गोवऱ्यांचं प्रमाण निराळं, पऱ्हाट्या-तुराट्यांचं निराळं, ओल्या बाभळीचं आणखी निराळं. एका इंधनावर बसवलेलं गणित दुसऱ्या घरात चालेलच असं नाही.

छतावरचा भोंगा

अमेरिकन घरांच्या छताला आगीची सूचना देणारा एक डबा असतो. मोठ्या संख्येनं बनतो म्हणून स्वस्त. त्यातल्या एका प्रकारात प्रकाशाचा झोत असतो. धूर आत शिरला की कण प्रकाश विखुरतात, आणि तो विखुरलेला प्रकाश टिपला गेला की भोंगा वाजतो. बर्कलीतल्या स्मिथच्या गटानं २०००नंतरच्या दशकात भोंग्याऐवजी तिथे नोंद ठेवणारं सर्किट बसवलं. दर मिनिटाला एक आकडा, दिवसेंदिवस. यूसीबी मॉनिटर म्हणून ते ओळखलं जातं. गाळणकागद चोवीस तासांचा एकच आकडा देतो. या डब्यानं दिवसाचा आलेख दिला. पहाटे चूल पेटवतानाचा उंच सुळका, दुपारची शांतता, संध्याकाळचा दुसरा सुळका.

हा डबा आपल्याकडेही आला. पुण्याच्या आरती (अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) या संस्थेनं पुण्याजवळच्या गावांत ‘लक्ष्मी’ आणि ‘भाग्यलक्ष्मी’ या सुधारित चुली बसवल्या, तेव्हा आधीची आणि नंतरची हवा या डब्यांनी मोजली गेली. कराबी दत्ता आणि सहकाऱ्यांचा तो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. कणही घटले, कार्बन मोनॉक्साइडही घटला; पण उरलेला धूर जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या कितीतरी वर होता. चूल सुधारली हे खरं आणि हवा स्वच्छ झाली नाही हेही खरं. ‘चुली किती वाटल्या’ एवढंच मोजत राहिलो असतो तर हे दुसरं वाक्य कधीच लिहिलं गेलं नसतं.

या डब्याचा नियम असा : चुलीपासून १०० सेंटिमीटर लांब, जमिनीपासून १४५ सेंटिमीटर उंच, दारं-खिडक्यांपासून १५० सेंटिमीटर दूर टांगायचा. सगळ्या घरांत एकच जागा असली तरच तुलना करता येते, म्हणून नियम हवाच. पण १४५ सेंटिमीटर ही उंची धरली आहे ती उभ्या बाईच्या नाकाची. आपल्याकडे जमिनीवरच्या चुलीशी भाकऱ्या थापणारी बाई बसलेली असते, फुंकणी घालताना तर तिचं तोंड वैलाशी जातं. गरम धूर वर चढतो, म्हणजे बसणाऱ्या बाईचा श्वास थोडा बरा असेल. पण जाळ विझून धुमसायला लागला आणि ती फुंकायला वाकली की त्या काही मिनिटांत उलटंही होत असेल. डबा खोलीतली हवा मोजतो, बाईचा श्वास नाही.

दुसरी मर्यादा जास्त विचार करायला लावणारी आहे. दर घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याखाली धूर आला की हा डबा जवळजवळ आंधळा होतो. हजारांत धूर असताना ती अडचण नव्हती. पण पुढे गॅसवर चाचण्या सुरू झाल्या. ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि तमिळनाडू इथल्या ३,२०० घरांतल्या हापिन चाचणीत गॅस मिळालेल्या गरोदर बायकांच्या वाट्याचा बारीक धूर सुमारे २४ मायक्रोग्रॅमवर आला. सरपण वापरणाऱ्या गटात तो सुमारे ७० होता. असे आकडे पकडायला पुन्हा गाळणकागद, पुन्हा मायक्रोग्रॅमचा तराजू लागला. धूर जितका कमी, तितकं तो मोजणं महाग. (आणि एवढी घट होऊनही २०२२च्या निकालात बाळांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक दिसला नाही. चांगलं माप घेतलं की हवं तेच उत्तर मिळतं असं नसतं.)

चूल तापली का?

तिसरा मार्ग मला सगळ्यांत हुशार वाटतो. हवा मोजूच नका, चूल मोजा. घड्याळाच्या सेलएवढं पोलादी बटण असतं, आत तापमानाची नोंद ठेवणारी चिप. ते चुलीला चिकटवलं की महिनाभर कोणत्या दिवशी, किती वेळ चूल पेटली ते कळतं. ग्वाटेमालातच या बटणांचा मोठा वापर झाला. त्यातून दिसलं ते कुठल्याही घरातल्या बाईनं न विचारता सांगितलं असतं : नवी चूल आली म्हणून जुनी जात नाही. दोन्ही चालतात.

आपल्याकडे उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. जोडण्यांचा आकडा मोजायला सोपा आणि सांगायला मोठा. पण जोडणी म्हणजे सिलिंडर नव्हे, आणि सिलिंडर म्हणजे धूर बंद नव्हे. चहा गॅसवर, भाकरी चुलीवर, अंघोळीचं पाणी परसातल्या चुलीवर ही विभागणी अनेक घरांत आजही आहे. तिला पैशाचीही कारणं आहेत आणि चवीचीही. ती विभागणी हे छोटं बटण दाखवतं.

पुन्हा राखाडी छटा

२०११ साली नित्या रामनाथन आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली. साध्या पंपानं गाळणकागदावर धूर जमवायचा, शेजारी छटांची पट्टी ठेवायची, मोबाईलनं फोटो काढून पाठवायचा; संगणक छटा जुळवून काजळीचं प्रमाण सांगतो. उत्तर प्रदेशातल्या सूर्या प्रकल्पात ती वापरून पाहिली गेली. मला यात रिंगेलमानचा तक्ता सव्वाशे वर्षांनी घरात आलेला दिसतो. जुनी मर्यादाही बरोबर आली : तो फक्त काळा धूर ओळखतो. धुमसत्या गोवरीचा पांढुरका धूर छातीला कमी त्रास देतो असं कुणी म्हणणार नाही.

आता काही हजार रुपयांत लेझर सेन्सर मिळतो. छोटा पंखा हवा ओढतो, कण लेझरच्या झोतातून जातो, चमक टिपली जाते, आणि चमकांवरून कणांचा आकार-संख्या काढून, त्यांची घनता गृहीत धरून वजन सांगितलं जातं. म्हणजे पडद्यावरचा आकडा हे वजन नसून वजनाचा अंदाज असतो. असा एक सेन्सर माझ्या स्वयंपाकघरात आहे. मिरची-लसणाची फोडणी पडली की आकडा काही सेकंदांत शेकड्यांवर जातो, खिडकी उघडली की उतरतो. पावसाळ्यात काही न शिजवताही तो चढा राहतो, कारण दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि लेझरला जाड दिसतात. फोडणीच्या तेलाला आणि चुलीच्या लाकडाला तो एकच गणित लावतो. खिडकी कधी उघडावी हे कळायला तो पुरेसा आहे. माझ्या फुप्फुसात किती गेलं हे सांगायला नाही. त्यासाठी तो आधी गाळणकागदाशेजारी ठेवून तपासावा लागेल.

शिवाय हे स्वस्त यंत्र आज असतं कुणाकडे? बहुतेक तिथे, जिथे चूल नाही. त्याला वीज लागते, बऱ्याचदा वायफाय लागतं.

मोजलेलं एक घर, न मोजलेली हजार

सगळ्यांत स्वस्त साधन अजून राहिलं : प्रश्न. चेन्नईच्या कल्पना बालकृष्णन आणि सहकाऱ्यांनी आंध्र प्रदेशातल्या तीन जिल्ह्यांत ४२० घरांत कण मोजले आणि बरोबर घराची माहितीही घेतली. इंधन कोणतं, स्वयंपाकघर वेगळं की राहत्या खोलीतच, हवा खेळते का. या उत्तरांवरून घरातल्या धुराचा अंदाज बांधता येतो का, हे त्यांनी तपासलं. बऱ्याच अंशी येतो. अशा अभ्यासांच्या आधारावर जनगणनेतला साधा रकाना मापाचं काम करू लागतो. २०११च्या जनगणनेत देशातल्या ४९ टक्के घरांनी सरपण हे स्वयंपाकाचं मुख्य इंधन सांगितलं होतं. घरातल्या धुरानं २०२० साली जगभरात ३२ लाख मृत्यू झाले, हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज अशाच साखळीवर उभा आहे : थोडी मोजलेली घरं, पुष्कळ विचारलेली घरं, आणि मधे गणित.

ही साखळी खोटी नाही. पण तिचं वजन त्या थोड्या मोजलेल्या घरांवर येतं, म्हणून ती घरं कोणती निवडली जातात याला महत्त्व आहे. ‘मुख्य इंधन’ या रकान्यात गॅस लिहिणाऱ्या घरातली परसातली चूल या साखळीत कुठेच येत नाही.

हा इतिहास क्रमानं लावला की एक विचित्र उतार दिसतो. साधनं स्वस्त होत गेली, नाकाच्या जवळ येत गेली; पण आकडा वाचणारा माणूस नाकापासून दूर जात राहिला. रिंगेलमानचा तक्ता रस्त्यावरच्या कुणालाही वाचता येत होता. काचेच्या नळीतला डाग वाढलेला त्या आईलाही दिसत होता. आकडा कळला नाही तरी कालच्यापेक्षा आज जास्त हे कळत होतं. डब्यातली नोंद, बटणातली नोंद, फोटोतली छटा मात्र थेट संगणकात जाते, तिथून शोधनिबंधात. अभ्यास संपला की डबा खुंटीवरून काढून नेतात.

म्हणून नव्या स्वस्त यंत्राची बातमी वाचली की मी किंमत शेवटी बघतो. आधी तीन गोष्टी शोधतो. ते किती उंचीवर टांगणार आहेत, ते कशाशी ताडून पाहिलं आहे, आणि त्याचा आकडा चुलीपुढे बसलेल्या बाईला, तिला कळेल अशा रूपात, त्याच दिवशी मिळणार आहे का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुधा लेखात कुठेतरी सापडतात.